लहान सभागृहाची बाजू

एप्रिल उजाडला की आमच्या शेफील्डमध्ये तोच वाद पुन्हा निघतो. स्नूकरची जागतिक स्पर्धा क्रूसिबल थिएटरमध्येच ठेवायची, की मोठ्या सभागृहात न्यायची? क्रूसिबलमध्ये जेमतेम ९८० माणसं बसतात आणि तिकिटं मिळता मिळत नाहीत. बॅरी हर्न यांच्यासारख्या आयोजकांनी मोठ्या जागेची गरज उघड बोलून दाखवली आहे. चीनमध्ये या खेळाचे चाहते प्रचंड आहेत, तेव्हा आयोजकांचा हिशेब खोटा नाही. तरीही हे बोलणं ऐकलं की मला राग येतो.

क्रूसिबल हे मुळात नाटकाचं घर. १९७१ साली ते उघडलं. रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला, तीन बाजूंना खुर्च्या, शेवटच्या रांगेतला माणूसही रंगमंचापासून वीसेक मीटरच्या आत. स्पर्धेचे तेव्हाचे आयोजक माइक वॉटरसन यांच्या पत्नी इथे नाटक बघायला आल्या होत्या. स्पर्धेसाठी ही जागा त्यांनीच सुचवली आणि १९७७पासून स्पर्धा इथे भरते.

मला इथे दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आठवतो. सत्तरच्या दशकात सुलभा आणि अरविंद देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने तिथे प्रायोगिक नाटकं सुरू केली. शाळेचा साधा हॉल, बाहेर स्टेशनाजवळची वर्दळ, आणि नट इतके जवळ की त्यांची पापणी लवली तरी दिसे. खोटा अभिनय तिथे टिकत नसे आणि प्रेक्षकालाही चुळबुळ करायची हिंमत होत नसे. तेच नाटक मोठ्या नाट्यगृहात पाहिलं की संवाद तेच असत, नट तेच असत, पण ताण सैल पडलेला असे. ‘आविष्कार’ला पुढे तो हॉल सोडावा लागला, माहीमच्या शाळेत त्यांनी निष्ठेने काम चालू ठेवलं. तरी त्या चळवळीला लोक आजही छबिलदासचंच नाव देतात. जागा कामाच्या अंगात अशी मुरते.

क्रूसिबलमध्ये खेळाडू क्यूला खडू लावतो तो आवाजही ऐकू येतो. लांबचा लाल चेंडू पॉट होण्याआधी सगळं सभागृह श्वास धरतं. दहा हजारांच्या गर्दीत ही शांतता मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि सभागृह लहान म्हणून खेळ लहान राहतो, हेही खरं नाही. १९८५च्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर यांनी स्टीव्ह डेव्हिस यांना पस्तिसाव्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर १८–१७ हरवलं, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर जागे होते.

येणार असाल तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. तिकीट सत्रानुसार मिळतं, अख्ख्या दिवसाचं नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत दोन टेबलं असतात आणि मधे पडदा, म्हणून आपली खुर्ची कोणत्या टेबलाच्या बाजूला आहे ते बघूनच पैसे भरा. उपांत्य फेरीपासून एकच टेबल राहतं. खरा क्रूसिबल तेव्हा दिसतो. फ्रेम चालू असताना दार उघडत नाहीत, उशीर झाला तर बाहेर थांबावं लागतं. खोकला असेल तर गोळी आधीच कागदातून सोडवून खिशात ठेवा. मध्यंतरात शेजारच्या विंटर गार्डनमध्ये झाडांत बसता येतं, तिथे प्रवेश फुकट आहे.

आणि मुख्य स्पर्धेचं तिकीट नाहीच मिळालं, तर त्याआधीची पात्रता फेरी बघा. तीही शेफील्डमध्येच, इंग्लिश इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये होते, आणि ट्रामने जाता येतं. २०२५चा विश्वविजेता, चीनचा पहिला, झाओ शिनटोंग याच पात्रता फेरीतून हौशी खेळाडू म्हणून वर आला होता.