वस्तीची पारख

ज्येष्ठाच्या अखेरीस प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या, की भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या आमच्या सीमाभागातल्या तालुक्यांतून कलबुर्गीकडे येणाऱ्या गाड्यांत कागदपत्रांची पिशवी उराशी धरलेले वडील आणि त्यांच्या शेजारी, हर्ष व भय यांच्या मिश्रणाने अबोल झालेले सतरा-अठरा वर्षांचे लेकरू, हे दृश्य नित्याचे होऊन जाते. आमच्या आजोबांच्या काळी या शहराशी आमचा संबंध कचेरीतला अर्ज, अदालतीतली तारीख, शरणबसवेश्वराची जत्रा आणि ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस एवढ्यापुरताच होता. परंतु १९५८ मध्ये हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्था स्थापन झाली, १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ उभे राहिले, २००९ मध्ये आळंद रस्त्यावर कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ आले, संविधानाच्या ३७१ (जे) या अनुच्छेदाने या प्रदेशातील मुलांसाठी शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागांची वाट मोकळी केली, आणि २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वेही धावू लागली. हे शहर आता विद्यार्थ्यांचे शहर झाले आहे, आणि विद्यार्थ्यांचे शहर म्हणजे भाड्याच्या खोल्यांचे शहर.

इथे माझे दीर्घ वास्तव्य असल्यामुळे गावाकडची मंडळी खोली पाहायला निघण्यापूर्वी माझ्या घरी येऊन बसतात. चहा होतो, गुणांची चौकशी होते, आणि मग भाडे, पाणी, खानावळ या साऱ्यांच्या आधी, आवाज किंचित खाली आणून वडील विचारतात, “तेवढं वस्तीचं सांगा, सर. लेकरू एकटं राहणार.” या प्रश्नामागची काळजी इतकी निखळ असते, की तिला वरवरचे उत्तर देणे मला अपराधासारखे वाटते, आणि म्हणूनच, उत्तर देता देता, वस्ती सुरक्षित आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, याचा विचार मला पुष्कळ करावा लागला.

रूढ उत्तर सोपे आहे. रस्ते रुंद, दारापुढे मोटारी, कुंपणाच्या भिंती उंच, फाटकावर पहारेकरी, आणि “सगळी आपलीच माणसं” अशी ग्वाही मिळाली, की वस्तीची खातरजमा झाली असे समजण्याचा प्रघात आहे. या ग्वाहीतला शेवटचा भाग मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. घरमालक प्रथम आडनाव विचारतो, मग गाव, मग घरात काय शिजते ते, आणि या साऱ्याचा मनाजोगता उलगडा झाल्यावरच ॲडव्हान्सची गोष्ट काढतो. एका बापाला ज्या मापाने एखादी गल्ली निर्धास्त वाटते, त्याच मापाने दुसऱ्या कोणा बापाच्या, तितक्याच हुशार आणि तितक्याच भेदरलेल्या लेकराला त्याच गल्लीत खोली नाकारली जाते, ही गोष्ट आपण सहसा मनावर घेत नाही. आणि माझ्या मते वस्तीच्या पारखीचा प्रारंभ इथूनच व्हावयास हवा. कारण विद्यार्थी हा ज्या गावी शिकायला जातो त्या गावी, त्याची जात, भाषा वा धर्म कोणताही असो, मूलतः परकाच असतो.

या प्रदेशाला परक्याच्या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. बीदरच्या जुन्या शहरात, जिथे चार रस्ते एकत्र येतात तिथे, चौबारा नावाचा गोल बुरूज टेहळणीसाठी उभारलेला आहे, आणि त्यापासून थोड्याच अंतरावर बहमनी वजीर महमूद गवानाने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाचे भव्य अवशेष आहेत. तीन मजल्यांच्या त्या वास्तूत अध्यापनाची दालने होती, ग्रंथालय होते, मशीद होती, आणि विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या निवासासाठी खोल्या होत्या. तटबंदीने वेढलेल्या, दरवाज्यांनी रक्षिलेल्या राजधानीत, दूरदेशीच्या विद्यार्थ्याला निश्चिंतपणे निजता यावे अशी जागा ज्याने निर्माण केली, तो गवान स्वतः इराणातील गिलानहून आलेला, म्हणजे बहमनी दरबाराच्या भाषेत ‘आफाकी’, होता; आणि दख्खनी व आफाकी सरदारांच्या वैमनस्यातून रचल्या गेलेल्या बनावट पत्राच्या आधारे, १४८१ मध्ये, त्याच्याच सुलतानाच्या हुकुमाने त्याचा शिरच्छेद झाला. तट होता, बुरूज होता, चौक्या होत्या. परंतु ज्या दरबारात परकेपण हाच दोष मानला जाऊ लागला होता, तिथे यांतले काहीही त्याच्या उपयोगी पडले नाही.

हा इतिहास पाच शतकांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवता येता तर बरे झाले असते. १९८८ च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या दिवसांत, याच बीदरमध्ये शिक्षणासाठी दूरवरून येऊन राहिलेल्या शीख विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. ज्या नगरात गुरुद्वारा नानक झिरा साहिबचे निर्मळ पाणी शतकानुशतके साऱ्या धर्मांच्या यात्रेकरूंनी ओंजळीने घेतले, तिथे हे घडावे याची वेदना या भागातल्या प्रत्येक विचारी माणसाने बाळगली पाहिजे. त्या मुलांच्या आईवडिलांनीही कोणाला तरी विचारलेच असेल, की वस्ती कशी आहे. आणि रस्ते, दुकाने, भाडे, कॉलेजचे अंतर हे सारे पाहून त्यांना समाधानकारक उत्तरही मिळाले असेल. मात्र संकटाच्या रात्री हे शहर परक्या मुलाला आपला म्हणेल की नाही, याचे उत्तर त्या यादीत नव्हते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो: वस्ती आपल्या माणसांशी कशी वागते ते पाहू नका, परक्याशी कशी वागते ते पाहा. आणि ते पाहण्यासाठी दिवसाउजेडी, मध्यस्थाच्या मोटारसायकलवरून खोली पाहून परतू नका. रात्री साडेनऊच्या सुमारास, ज्या बसथांब्यावरून किंवा अभ्यासिकेतून लेकराला घरी यायचे आहे, तिथून खोलीपर्यंतची वाट पायी चाला. दिवे किती, कोणत्या वळणावर अंधार, कोणत्या मोकळ्या प्लॉटला कुंपण नाही, दुकानांपैकी कोणते शेवटी बंद होते, हे त्या एका फेरीत कळते. ब्रह्मपूरसारख्या जुन्या मोहल्ल्यात अरुंद गल्लीतून जाताना ओट्यावर बसलेली एखादी वृद्धा “यार बेकु री?” (कोण पाहिजे?) म्हणून कन्नडमध्ये हटकते, दुसऱ्या गल्लीत तोच प्रश्न “किसकू मिलना जी?” असा दखनीत येतो, नव्या वसाहतींच्या रुंद रस्त्यावर कित्येकदा कोणीच काही विचारत नाही, आणि कोणी काही विचारत नाही यालाच आपण शांतता समजतो. जेन जेकब्स या विदुषीने १९६१ मध्ये अमेरिकन नगरांविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात हाच सिद्धांत मांडला, की रस्त्याचे रक्षण प्रथम तिथे वावरणाऱ्यांची आणि खिडकीतून, दुकानातून पाहणाऱ्यांची नजर करते, पोलीस त्यानंतर. फक्त त्या वृद्धेच्या प्रश्नाचा सूर ऐकून घ्यावा. वाट दाखवण्यासाठी केलेली विचारपूस आणि हाकलून देण्यासाठी केलेली चौकशी यांतला भेद अनोळखी माणसाला तत्काळ कळतो.

पोलिसांच्या दप्तराचाही आधार घ्यावा, परंतु विवेकाने. ठाण्यात नोंद होते ती फिर्यादीची; जिथे फिर्याद द्यायला माणसे धजावत नाहीत तिथले दप्तर कोरे राहते, आणि जिथे ठाण्यावर लोकांचा इतबार आहे तिथे नोंदी वाढतात, त्यामुळे आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष कधी कधी नेमका उलटा असतो. त्यापेक्षा ठाणे किती दूर आहे, रात्रीची गस्त खरोखर फिरते का, आणि ११२ हा क्रमांक मुलाला पाठ आहे का, हे पाहणे अधिक फलदायी. निजामी अमदानीत गावात मुक्कामाला आलेल्या परक्याची वर्दी पोलीस पाटलाकडे जात असे; आज घरमालक भाडेकरूचा तपशील ठाण्यात देतो, ते योग्यच आहे. पण भाडेकरूनेही घरमालकाची माहिती, अकरा महिन्यांच्या करारनाम्याची प्रत आणि ॲडव्हान्सची पावती जवळ ठेवावी. कारण मध्यावर, परीक्षेच्या तोंडावर, सामानासह रस्त्यावर येणे हाही असुरक्षिततेचाच प्रकार आहे.

धोका नेहमी माणसाच्याच रूपाने येतो असेही नाही. २०२४ च्या जुलैत दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. आपल्याकडे गच्चीवर पत्रे टाकून काढलेल्या खोल्या, उतरायला एकच अरुंद जिना, त्या जिन्याखाली विजेचे मीटर आणि सिलिंडर, आणि रात्री बाहेरून कुलूप लावलेले फाटक, अशी मांडणी मी पाहिली आहे. चोरापासून रक्षण करणारी लोखंडी जाळी आगीच्या वेळी कोणत्या किल्लीने उघडते, आणि ती किल्ली कोणाजवळ असते, हा प्रश्न खोली पाहताना संकोच न करता विचारावा.

आणि मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिणे प्राप्त आहे. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या निवडींचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की येण्याजाण्याची वाट अधिक सुरक्षित असावी म्हणून मुली कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात. म्हणजे रस्त्यावरच्या छेडछाडीची किंमत त्या आपल्या विद्येने मोजतात. आमच्याकडे कर्नाटकात २०२३ पासून स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला, त्यामुळे आळंदहून रोज ये-जा करणे मुलींना परवडू लागले, हे निःसंशय हितकारक आहे. परंतु “खोली नको, रोज परत ये” असे म्हणून आपण तिच्या ग्रंथालयातल्या संध्याकाळी काढून घेत असू, तर ते रक्षण की वंचना, याचा विचार पालकांनी करावा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या स्त्रियांविषयी लिहिलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या ग्रंथात आग्रहाने म्हटले आहे, की स्त्रीला केवळ संरक्षण पुरेसे नाही, नगरात निष्कारण वावरण्याचाही तिचा अधिकार आहे. म्हणून मुलीसाठी खोली पाहताना कोणत्याही मध्यस्थाआधी तिथे राहत असलेल्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्यावे. पुरुषांना न दिसणाऱ्या दहा गोष्टी त्या पाच मिनिटांत सांगतात.

आता एक निवेदन कलबुर्गी आणि बीदरच्या गृहस्थांना, कारण वस्तीची पारख हा केवळ येणाऱ्याचा प्रश्न असू नये. ज्यांच्या घरी दोन खोल्या भाड्याने दिल्या जातात, त्यांना महिन्याच्या उत्पन्नाबरोबर एका लेकराची जबाबदारीही प्राप्त होते. आडनाव विचारण्याआधी ते जेवले आहे का ते विचारा. त्याच्या आईवडिलांचा क्रमांक आपल्याजवळ लिहून ठेवा. रात्री उशीर झाला तर फाटक बंद करून निजू नका. आणि गावात कधी वातावरण तापले, अफवा उठल्या, तर सर्वांत आधी आपल्या माडीवर राहणाऱ्या परक्या मुलाला खाली, आपल्या घरात बोलवा. असे दहा गृहस्थ ज्या गल्लीत राहतात, ती गल्ली सुरक्षित आहे असे मी कोणत्याही बापाला निःशंकपणे सांगेन.