घरात वेल्डिंग मशीन आले



गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या खिडक्यांना जाळी बसवायची ठरली. फॅब्रिकेशनवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून महिला मंडळाच्या बायका गप्पच झाल्या. त्या रात्री जेवताना थोरला म्हणाला, "आई, आपणच मशीन घेऊया की. आयटीआयला वेल्डर ट्रेड उगंच केला व्हय मी?"

तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटावर आहे. कंत्राट म्हणजे आज आहे, उद्या नाही. त्यामुळे घरात एक हत्यार असावे हे मलाही पटले. बचत गटातून मला दहा हजारांचे कर्ज मिळणार होते. पण त्याला हवे होते अडीचशे ॲम्पियरचे मशीन, तेही हप्त्यावर. "घ्यायचं तर मोठंच घ्यायचं."

"आरं, पण करायचं काय हाय त्यावर?" मी विचारले.

मोजायला बसलो. विहाराच्या जाळ्या, म्हातारीच्या कॉटचा पाय, पाण्याच्या टाकीचे स्टँड, दाराची कडी. आणि २१ मार्चला माणगावला जाताना न्यायचा पंचशील ध्वजाचा स्टँड. (माणगाव त्या काळी कागल जहागिरीतले. तिथेच २१ व २२ मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचे पुढारी म्हणून पुढे केले. आमच्या घरातून दर वर्षी कोणीतरी जातेच.) यातले काहीच जाड लोखंडाचे नाही. सगळी पातळ पट्टी, अँगल, चौकोनी पाइप. या कामाला अडीच मिलिमीटरचा रॉड पुरतो, दुकानदार त्याला बारा नंबर म्हणतात. त्याला साठ ते नव्वद ॲम्पियर लागतात. मग अडीचशेचे काय करायचे?

कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. इन्व्हर्टर मशीन म्हटल्यावर मला वाटले, लाईट गेल्यावर चालते ते! दुकानदार हसला, पण नीट समजावून सांगितले त्याने. जुन्या मशीनमध्ये तांब्याच्या वेटोळ्यांचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर असतो, उचलायला दोन माणसे लागतात. वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, म्हणून तो मोठा लागतो. इन्व्हर्टर मशीन हेच उलटणे शेकडो पटींनी वेगात करते, त्यामुळे छोटा ट्रान्सफॉर्मर भागतो. पाच-सहा किलोचे मशीन, मी एका हाताने उचलले.

मशीनवर मोठ्या अक्षरात २०० लिहिलेले असते, त्यावर भुलू नये. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात ड्यूटी सायकल असते, ती वाचावी. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा. स्वस्तातल्या मशीनवर बऱ्याचदा ही पट्टीच नसते. असली तरी दोनशेवर टिकेल याचा भरवसा नाही. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते, म्हणून किती व्होल्टेजपर्यंत चालेल तेही विचारले. आणि दुरुस्ती कोल्हापुरात होणार की मशीन मुंबईला पाठवायचे, हे तर आधी विचारावे.

साडेसहा हजारांत एक मशीन पसंत पडले. थोरल्याचे तोंड थोडे उतरले, पण उरलेल्या पैशांत काय येते ते त्याने पाहिले नव्हते. घरचे जुने वायरिंग अशा भाराला टिकत नाही. वायरमन बोलावून मीटरपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची वायर ओढली, सोळा ॲम्पियरचे सॉकेट, एमसीबी आणि चांगले अर्थिंग केले. त्याला एक दिवस गेला आणि पंधराशे रुपये. शेजारणी म्हणाल्या, एवढं कशाला? मी त्यांना काही बोलले नाही. घरगुती मीटरवर बाहेरची पैशाची कामे घ्यायची नाहीत, हेही थोरल्याला बजावले. 

आता खरे कारण सांगते. आमच्या ह्यांनी उमेदीची वर्षे एका कारखान्यात हेल्पर म्हणून काढली. वेल्डर काच धरायचा, आणि हे तुकडा धरायचे, उघड्या डोळ्यांनी. टाका मारताना "तोंड फिरव" एवढीच सोय. दिवसा काही वाटायचे नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू घातल्यासारखे व्हायचे, पाणी थांबायचे नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवून आम्ही बसायचो, आणि सकाळी हे पुन्हा कामावर. काच मागितली तर मुकादम म्हणायचा, ती वेल्डरला असते.

म्हणून मशीनच्या आधी मी दोन हेल्मेट घेतली, आपोआप काळी होणारी. एक करणाऱ्याला, एक धरणाऱ्याला. चामड्याचे हातमोजे घेतले. जस्त चढवलेला पाइप असेल तर आधी घासायचा आणि उघड्यावरच बसायचे, त्या धुराने ताप येतो. मुलांनी लांब थांबायचे. गटाच्या दहा हजारांवर चारशे रुपये घरचे घालावे लागले.

पहिला टाका म्हातारीच्या कॉटला पडला. दुसरे हेल्मेट मी ह्यांच्या डोक्यावर ठेवले. नको नको म्हणत होते. ठिणगी पडली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हेल्मेट वर करून थोरल्याला म्हणाले, "आतनं सगळं दिसतंय की रं. लोखंड कसं वितळतंय, ते मी आज पहिल्यांदा बघितलं."