सोहन्याच्या वाटेवर

माझी मावसबहीण गुरगावला राहते. गावाचे नाव 2016 साली ‘गुरुग्राम’ झाले, पण तिच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. आम्ही सगळी भावंडे तिला ताईच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले. मुलगी कॅनडात. चौदाव्या मजल्यावरच्या त्या मोठ्या घरात ताई, तिची रक्तदाबाची गोळी आणि रात्रभर चालू राहणारा टीव्ही.

कामानिमित्त फेब्रुवारीत दिल्लीला गेले होते, म्हणून दोन दिवस तिच्याकडे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ती सहज म्हणाली, “शनिवारी मोकळी आहेस ना? मला एका फार्महाऊसवर जायचंय. बेडकाचं औषध घ्यायला.”

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. पण तिने मोबाईल पुढे केला. हिरवागार बेडूक, मागे घनदाट अरण्य आणि खाली मजकूर: ऍमेझॉनच्या जंगलातील प्राचीन उपचार, मनातील साचलेले सारे बाहेर, स्वतःची खरी ओळख एका सकाळी. आगाऊ पैसेही तिने भरले होते.

“ताई, तुझं वय काय, आणि हे काय?”

“अगं, झोप नाही की काही नाही. चाळीस वर्षं कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई झाले. आता मी कोण, हे तरी कळू दे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पण चौकशी करणे हाच आमचा धंदा. तो दिवस मी त्या बेडकाच्या मागे घालवला.

‘कांबो’ या नावाने जगभर विकला जाणारा हा पदार्थ म्हणजे फायलोमेड्युसा बायकलर या मोठ्या झाडबेडकाच्या कातडीवरचा स्राव. पेरू आणि ब्राझीलच्या सीमेवरील मात्सेस, काटुकिना यांसारख्या जमाती तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या आहेत. रात्री झाडावरून त्याचा आवाज आला की माणसे त्याला हळूच खाली आणतात, चारी पाय दोऱ्यांनी ताणून बांधतात, स्राव काडीवर खरवडून घेतात आणि बेडूक सोडून देतात. मग जळत्या काडीने दंडावर किंवा छातीवर बारीक डाग देतात आणि त्या उघड्या त्वचेवर ओला केलेला स्राव लावतात. काही क्षणांत छाती धडधडते, चेहरा सुजतो, पोट ढवळून निघते आणि उलट्या सुरू होतात. थोड्या वेळाने माणूस गळून पडतो. उठल्यावर अंग हलके वाटते आणि डोळे-कान तल्लख होतात, असे ते लोक सांगतात.

आता गंमत बघा. त्या अरण्यात हे औषध मुख्यतः शिकाऱ्याचे! चार दिवस जंगलात फिरून शिकार मिळाली नाही, अंगात आळस भरला, दुर्दैव चिकटले की ते झटकायला बेडूक. ‘मी कोण’ हा प्रश्न त्यांनी बेडकाला विचारल्याचे कुठे दिसत नाही. तो प्रश्न शहरवाल्यांनी त्याच्या पाठीवर लादला. शिवाय तिथे स्राव लावणारा माणूस घेणाऱ्याला लहानपणापासून ओळखतो. कुणाला किती डाग सोसतील, हे त्याला माहीत असते. एखाद्या फार्महाऊसवर आलेल्या अनोळखी माणसाला ताईची रक्तदाबाची गोळी कुठून माहीत असणार?

कारण त्या स्रावात खरोखरच औषधी ताकद आहे, आणि भीती तिचीच आहे. इटलीचे शास्त्रज्ञ व्हिटोरियो एर्स्पामर यांनी अशा बेडकांच्या कातडीतील द्रव्यांवर आयुष्यभर काम केले. त्यांतील काही द्रव्ये रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब झपाट्याने खाली आणतात, काही आतड्यांना पिळून काढतात आणि डर्मॉर्फिन नावाचे द्रव्य मॉर्फिनपेक्षा कित्येक पटींनी तीव्र आहे. उलटीनंतर वाटणाऱ्या शांतीत त्याचाही वाटा असू शकतो. वरून शहरी पद्धतीत आधी लिटरच्या लिटर पाणी पाजतात, त्याने रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. मृत्यूही झाले आहेत. ब्राझीलने 2004 साली याच्या जाहिरातींवर बंदी घातली आणि ऑस्ट्रेलियाने 2021 साली वापरावरच.

संध्याकाळी हे सगळे ताईला वाचून दाखवले. ती चिडली. “आपल्याकडे वमन नाही का? वसंतात वैद्य उलट्या करवतातच की!”

मुद्दा खोटा नव्हता. पण वमनाआधी कित्येक दिवस स्नेहन, स्वेदन चालते, वैद्य नाडी बघतो, कुणाला देऊ नये हे शास्त्रातच सांगितलेले असते. आणि वमन कफ काढते. आयुष्याचा अर्थ सांगण्याची हमी कोणताही वैद्य देत नाही.

रागाचा पारा उतरल्यावर ती म्हणाली, “मग मी करू तरी काय?”

शनिवारी आम्ही निघालो, पण फार्महाऊसकडे नाही, सोहन्याकडे. गुरगावपासून साधारण पंचवीस किलोमीटर. काचेचे मनोरे संपता संपत नाहीत. मग एकदम अरवलीची बुटकी, खडबडीत टेकडी समोर येते आणि दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते. सोहना गावाच्या मधोमध गंधकाच्या गरम पाण्याचे कुंड आहे. शेजारी शिवमंदिर, बायकांची अंघोळीची सोय वेगळी, आणि कातडीच्या विकारांसाठी लांबून आलेली खेड्यातली माणसे. वासाने आम्ही नाक धरले तेव्हा पाण्यात बसलेल्या एक म्हातारबाई खो खो हसल्या. टेकडीवर हरियाणा पर्यटनाचे ‘बार्बेट’ आहे. बार्बेट म्हणजे आपल्या तांबट पक्ष्याचे कूळ. या राज्यात पर्यटनगृहांना पक्ष्यांची नावे देण्याची छान पद्धत आहे. तिथला चहा मात्र लक्षात ठेवण्यासारखा नव्हता.

तिथून बल्लभगढच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर राहका गावाजवळ ‘धम्म सोत’ हे विपश्यना केंद्र आहे. इगतपुरीचे धम्मगिरी आपल्याला माहीत असते, हे त्याच परंपरेतले. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर वाटले तर दान. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचे आणि चौथ्या दिवसापासून अंगावर उमटणाऱ्या संवेदनांकडे.

गाडीत मी ताईला सत्यनारायण गोएंकांची गोष्ट सांगितली. ब्रह्मदेशातल्या मारवाडी व्यापारी घराण्यातला हा माणूस. अर्धशिशीने इतका हैराण, की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. सवय लागेल म्हणून डॉक्टर घाबरले. देशोदेशीचे उपचार झाले, गुण नाही. 1955 साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ सरकारी महालेखापाल! त्यांनी आधी परतच पाठवायला घेतले. डोकेदुखी जावी एवढ्यासाठी येऊ नका, मन स्वच्छ करायचे असेल तर या, असा त्यांचा आग्रह होता.

“म्हणजे याचं मॉर्फिन सुटलं आणि मी बेडकाचं घ्यायला निघाले होते,” ताई म्हणाली. ती कित्येक दिवसांनी हसली असावी.

दिल्लीभोवतालचा हा प्रदेश म्हणजे जुना कुरू देश. सतिपट्ठान सुत्त बुद्धांनी कुरूंच्या कम्मासधम्म या गावी सांगितले, असे सुत्ताच्या सुरुवातीलाच येते. सोनीपतजवळच्या कमासपूरशी त्या गावाचे नाते जोडतात. तिथेही ‘धम्म पट्ठान’ हे केंद्र आहे. जुन्या पाली टीकेत एक गोड वर्णन आहे: कुरू देशात पाणवठ्यावर आणि सूत कातताना बायका एकमेकींना विचारत, तू कोणते ध्यान करतेस? एखादी ‘कोणतेच नाही’ म्हणाली तर तिची खरडपट्टी निघे.

आणि याच दिल्लीत तिहार तुरुंग आहे. 1993 साली किरण बेदी तिथे महानिरीक्षक होत्या तेव्हा विपश्यना सुरू झाली आणि एप्रिल 1994 मध्ये हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले. स्वतः गोएंकाजी शिकवायला होते. सगळे सुधारले, असे म्हणणे भाबडेपणाचे. पण ज्यांना कुठे जाताच येत नव्हते, त्यांनी बाहेरून काही न घेता स्वतःकडे बघून पाहिले.

हेही सगळ्यांना मानवत नाही. मनाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. केंद्राच्या अर्जातही तसा प्रश्न असतो. ताईने रक्तदाबाची गोळी अर्जात नीट लिहिली आणि डॉक्टरांनाही विचारून घेतले.

एप्रिलमध्ये अकराव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

“झोप लागते का गं?”

“कसली झोप! पहिले चार दिवस गुडघा, गुडघा आणि गुडघा. सातव्या दिवशी ह्यांच्या चष्म्याची डबी आठवली. शेवटच्या दिवसांत मी त्यांना डबी जागेवर ठेवत नाही म्हणून टाकून बोलले होते. तासभर रडले. कुणी विचारलं नाही, कुणी गप्प बस म्हटलं नाही.”

“आणि मग?”

“मग घंटा झाली. जेवायला गेले. मुगाची डाळ होती.”

फार्महाऊसचे आगाऊ पैसे काही परत मिळाले नाहीत. मी विषय काढला, की ती मोहरीच्या शेतांचे काहीतरी सांगू लागते.