न दिसणारा घसारा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचा पिढीजात व्यापार करणारे अण्णा हिशेबाचे पक्के. तराजू असो वा गोदामाचे पत्रे, प्रत्येक वस्तूच्या घसाऱ्याची तरतूद त्यांच्या वहीत असे. १९९८ सालची मारुती ८०० ही त्यांनी याच शिस्तीत जपली होती. इंजिन ऑइल, टायर, बॅटरी यांच्या तारखा नोंदलेल्या असत. रकाना नव्हता तो एकाच गोष्टीला, ब्रेक ऑइलला. ते कमी दिसले की डिकीतील बाटलीतून थोडे घालायचे, एवढाच परिपाठ.

वैशाखात रत्नागिरीस नात्यातील लग्न होते. बाजारातील सौदे आटोपून निघण्यास उशीर झाला. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे या घाईत आंबा घाट उतरताना अण्णांनी नेहमीची सबुरी सोडली. गाडी वरच्या गिअरमध्ये आणि पाय सतत ब्रेकवर. सोबत सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू. एका वळणापाशी ब्रेकचे पेडल एकाएकी पोकळ लागले आणि थेट तळाला गेले. अण्णांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराकडच्या चरात चाक घालून गाडी थांबवली. कोणाला खरचटलेही नाही.

अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत घट्ट झाले. "आजोबा, झालं की नीट!" नातू म्हणाला. अण्णांना मात्र हेच अधिक भयावह वाटले. पहिल्या गिअरमध्ये रखडत गाडी साखरप्यास पोहोचली.

तेथील मिस्त्रीने टाकीचे झाकण उघडले. आतील द्रव काकवीच्या रंगाचा झाला होता.

"काका, हे बदललं कधी?"

"कमी झालं की घालतो ना."

"घालणं वेगळं, बदलणं वेगळं. आणि कमी का होतं ते पाहिलंत? पॅड झिजले की पातळी उतरते, नाहीतर कुठंतरी गळत असतं. वरून भरत राहिलं की दोन्ही झाकून जातं."

ब्रेक ऑइल हे नावापुरतेच तेल. हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. अण्णांना अधिक सांगावे लागले नाही. पावसाळ्यात उघड्या गुळाला पाझर सुटतो हे त्यांच्याइतके कोण जाणणार? मानकाप्रमाणे डॉट ३ प्रतीचा कोरा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर सतत दाबलेल्या ब्रेकच्या उष्णतेने असा ओलावलेला द्रव उकळतो व त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. गाडी निवली की वाफ विरते आणि दोष पुन्हा लपतो.

झाकणावर डॉट ३ असा उल्लेख होता. मोठा आकडा अधिक चांगला, असे समजून नातवाने डॉट ५ सुचवले. मिस्त्रीने मान हलवली. डॉट ५ सिलिकॉनचे, ते या गाडीच्या द्रवात मिसळत नाही. डॉट ४ मात्र डॉट ३ च्याच कुळातील. त्याच्या मर्यादा २३० आणि १५५ अंश. तेच ठरले. अण्णांनी डिकीतील अर्धी बाटली पुढे केली.

"कधी उघडली होती?"

पै-पैचा हिशेब सांगणाऱ्या अण्णांना उत्तर देता आले नाही. मिस्त्रीने सीलबंद बाटली फोडली.

टाकीपासून सर्वांत दूरच्या चाकापासून काम सुरू झाले. नातू पेडल दाबून धरी, मिस्त्री निपल सैल करी, आणि पारदर्शक नळीतून काळपट द्रव बुडबुड्यांसह बाहेर येई. टाकी रिकामी होऊन हवा आत शिरू नये म्हणून नवा द्रव घालत राहावे लागे. नळीत स्वच्छ फिकट पिवळा रंग दिसला की निपल घट्ट करून पुढचे चाक. सुनेने शिदोरी पुढे केली. पण चारही चाके होईपर्यंत अण्णांनी घास घेतला नाही, आणि ती झाली तेव्हा सूर्य मावळला होता.

त्या रात्री उपाशीपोटी अण्णांच्या मनात एकच विचार घोळत होता. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत आधी प्रमाद येतो. आपण पाणी गाळून पितो, पाऊल पाहून टाकतो; आणि घरची माणसे घाटात नेताना आपली बेफिकिरी मात्र काटकसरीच्या नावाखाली खपवतो. निघताना त्यांनी जुना द्रव ओढ्यात ओतू न देता बंद बाटलीत भरून घेतला. ओढ्यातील जीवांनी त्यांचे काय बिघडवले होते?

दिवाळीच्या मुहूर्तावर नवी वही उघडली, तेव्हा गाडीच्या पानावर एक रकाना वाढला : ब्रेक ऑइल, डॉट ४, बदलल्याची तारीख, त्यापुढे दोन वर्षांनंतरची तारीख. त्याखाली अण्णांनी लिहिले, "कमी झाले नसले तरी बदलावे."