काठावरची सात मिनिटे

तुमच्या घरी एखादी जुनी कॅसेट असेल, तर तिची फीत किती जपावी लागते हे तुम्हांला ठाऊक असेल. आमच्या घरी अशी एकच मोलाची कॅसेट होती. वडिलांचे एक संपूर्ण नारदीय कीर्तन तीत उतरले होते. वडील गेल्यावर आई ती दर एकादशीला ऐके. पुढे फीत झिजली, आवाज थरथरू लागला, तेव्हा ते कीर्तन संगणकावर उतरवून सीडीवर घ्यायचे मी ठरवले.

अडचण वेळेची होती. कीर्तन ८७ मिनिटांचे आणि बाजारातली कोरी सीडी ८० मिनिटांची. तुम्ही म्हणाल, सात मिनिटे ती काय! पण ध्वनीच्या सीडीवर दर सेकंदाला, दोन्ही वाहिन्यांत, ४४,१०० नमुने नोंदवले जातात. कोणी गात असो वा गप्प असो, त्यात फरक पडत नाही. तिथे शांततेलाही शब्दाइतकीच जागा लागते. एमपीथ्री करून अनेक तासांचे ध्वनिमुद्रण एका सीडीवर मावते हे खरे. परंतु आईचे जुने यंत्र ते वाचत नव्हते.

तेव्हा मला मोह झाला, की शांतताच कापावी. दृष्टान्त संपला की वडील क्षणभर थांबून श्रोत्यांकडे पाहत. घसा साफ करत, उपरणे सावरत. असे सारे विराम मी एकेक करून छाटले. कीर्तन ७९ मिनिटांत बसले. आईने ते थोडा वेळ ऐकले आणि ती म्हणाली, "आवाज त्यांचाच आहे रे, पण ते एवढी घाई कधी करत नसत."

मग मी ९० मिनिटांची सीडी मिळवली. तिच्यावर सर्पिल रेषेचे वेढे अधिक दाट असतात, म्हणून वेळ जास्त मावतो. मात्र ती ठरलेल्या प्रमाणाबाहेरची असल्याने प्रत्येक यंत्र ती वाचेलच असे नाही. सीडी आतून काठाकडे वाजत जाते. माझ्या संगणकावर कीर्तन पूर्ण वाजले. आईच्या यंत्रावर मात्र ते काठाजवळ येताच अडखळले, आणि नेमकी आरती गेली.

अखेर मी दोन सीडी घेतल्या. कॅसेटची पहिली बाजू एका वाक्याच्या मध्येच संपली होती. फीत उलटताना हरवलेले ते शब्द आता मिळणार नव्हते. पण कीर्तनाला स्वतःचा सांधा असतो, हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आले नव्हते. पूर्वरंग संपतो, नामगजर होतो, कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, आणि मग उत्तररंगाचे आख्यान सुरू होते. मी तेथेच थांबलो. ३९ मिनिटे एका सीडीवर गेली, ४८ दुसरीवर. छाटलेले सारे विराम जागच्या जागी परत ठेवले.

आता पहिली सीडी संपली की आई उठते, देवापुढची वात सारते आणि दुसरी लावते. तो खंड तिला खुपत नाही, कारण कीर्तनात तो होताच.

स्वाध्याय लिहिताना शब्दमर्यादा तुम्हांलाही अडवील. तेव्हा तुमची कात्री नेमकी कशावर चालते आहे, ते एकदा पाहा.