हक्क कोणाला परके वाटतात?

मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा वर्गात वाचायला घेतला, की एक आक्षेप हमखास येतो : ही कल्पना पाश्चात्त्यांची, तिच्या मापाने इतर संस्कृती का मोजाव्यात? आक्षेप क्षुल्लक नाही. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच १९४७ मध्ये तो मांडला होता.

अशा वेळी मी विद्यार्थ्यांना मसुद्याकडे नेतो. पहिल्या कलमात आधी ‘पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तेथे स्त्रीपुरुष दोघांनाही सामावणारा शब्द आला. आपल्याकडे ‘तो माणूस’ अनेकवचनात ‘ती माणसे’ होतो. व्याकरणाला जे सहज साधते, त्यासाठी तिथे झगडावे लागले.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मतदान झाले. ४८ देश बाजूने, विरोधात कोणीही नाही, ८ तटस्थ. धर्म बदलण्याच्या हक्कावर आक्षेप घेणारा सौदी अरेबिया तटस्थ राहिला. पाकिस्तानने इस्लामचाच आधार देत तो हक्क मान्य केला. म्हणजे संस्कृती एका सुरात बोलत नाही. तिच्या वतीने कोण बोलतो, हे आधी पाहावे लागते.

महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्यांसमोर हा जाहीरनामा नव्हता. तो यायला एकवीस वर्षे होती. त्यांना अडवणारे मात्र परंपरेच्याच नावाने बोलत होते. हक्क परके आहेत का, यापेक्षा ते कोणाला परके वाटतात, हा प्रश्न मी हल्ली वर्गात आधी विचारतो.