ज्याचे त्याने वाढून घ्यावे

गृहस्थाश्रमाची ३३ वर्षे पुरी केल्यावर आम्हांस गेल्या उन्हाळ्यात प्रथमच यजमान व्हावे लागले. वाचक विचारतील, तोपर्यंत तुमच्या घरी पाहुणे येत नव्हते की काय? येत होते, आणि त्यांच्याशी बैठकीत बसून गप्पा मारण्याचे काम आम्ही मोठ्या निष्ठेने करीत आलो आहो. आत काय शिजते, किती शिजते आणि शिजविणारी केव्हा जेवते, हा विषय आमच्या खात्यातला नव्हता.

सुटीत आम्ही उभयतां टेक्सास संस्थानातील सॅन अँटोनियो या शहरी मुलीकडे राहावयास गेलो होतो. आमचे व्याही व विहीणबाई हीही त्याच सुमारास सांगलीहून आलेली. दोन महिन्यांत आमच्या सौभाग्यवतीने तेथील स्वयंपाकघर इतके हस्तगत केले की, खुद्द कन्येस चहा करावयाचा असला तरी परवानगी घ्यावी लागे. अखेर एके दिवशी कन्येने फर्मान काढले, "बाबा, या शनिवारी आई ओट्यापाशी फिरकणार नाही. जेवण तुम्ही घालायचे."

"काय करू या?" आम्ही उसन्या उत्साहाने विचारले.

"आईला जे आवडते ते करू."

प्रश्न तसा सोपा होता. आम्ही ३० वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहो. कोणत्या नाटकातील कोणते पात्र कोणत्या अंकात काय म्हणते, हे आम्हांस झोपेतून उठवून विचारावे. परंतु येथे आमची स्मृती पार कोरी निघाली. "तिला काय, सगळेच आवडते," असे आम्ही ठोकून दिले. पुस्तक न उघडता परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याकडे आम्ही ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने मुलीने आमच्याकडे पाहिले. मग तीच म्हणाली, "तर मग टाको करू. सगळे टेबलावर मांडायचे, आणि ज्याने त्याने हवे ते घ्यायचे." प्रश्नाचे उत्तर देण्याची जरूरच उरली नाही, म्हणून आम्ही ही सूचना तात्काळ मान्य केली.

टाको म्हणजे मक्याची तळहाताहून थोडी मोठी, पातळ पोळी. तिला तोर्तिया म्हणतात. तव्यावर भाजून तीत मांस, शेंगदाणे म्हणू नका, पण घेवड्याच्या जातीचे दाणे, भाज्या, चटणी असे काहीबाही घालावयाचे, दुमडावयाची, आणि हाताने खावयाची. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता, आणि सॅन अँटोनियोत आजही निम्म्याहून अधिक वस्ती मेक्सिकन वंशाची अथवा त्यांच्या भाईबंदांची आहे. तेव्हा तेथे टाको परका नाही, परके आम्हीच.

शुक्रवारी शेजारच्या एका वृद्ध बाईंनी तोर्तियांसाठी भिजवलेल्या पिठाचा मोठा गोळा आणून दिला. त्यांस इंग्रजी बेताचे, आणि आमच्या सौभाग्यवतीस स्पॅनिश मुळीच नाही. तरीही दोघी दारात अर्धा तास बोलत उभ्या होत्या. बाई गेल्यावर सौभाग्यवतीने गोळा नाकाशी नेला व म्हणाली, "अहो, याला चुन्याचा वास येतोय. पानाच्या चुन्याचा." आम्ही हसलो. कणकेत चुना कोण घालील? पण जावईबापूंनी सांगितले की आईंचे बरोबर आहे, आणि मग आम्ही पुस्तके धुंडाळली.

वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळावयाचा, रात्रभर तसाच भिजत ठेवावयाचा, सकाळी चोळून धुऊन साल काढावयाची आणि मग वाटावयाचा. वाटण्याचे साधन म्हणजे तीन पायांचा दगडी पाटा व त्यावरचा वरवंटा. मेक्सिकोतील बायका हे काम हजारो वर्षे करीत आल्या आहेत. चुन्यामुळे पीठ एकजीव होऊन त्याची पोळी थापता येते. शिवाय मक्यातील नियासिन हे जे जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही, ते मोकळे होते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. चुन्याची रीत मात्र नेली नाही. पुढे १८व्या शतकात स्पेनमध्ये व उत्तर इटलीत मक्यावरच दिवस काढणाऱ्या गरिबांस पेलाग्रा नावाचा रोग जडला. कातडी सोलली जाई, जुलाब होत, अखेर वेड लागून माणसे मरत. कारण उमगावयास २०वे शतक उजाडावे लागले. जहाजे भरभरून धान्य नेणाऱ्यांपैकी कोणासही चुलीपाशी बसलेल्या बाईला, "तू यात हे पांढरे काय घालतेस?" असे विचारण्याची बुद्धी झाली नाही. हे आम्ही त्या रात्री मोठ्या आवेशाने सर्वांस ऐकविले. सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही तरी कुठे विचारलेत? मी वास सांगितला तर हसलात." मंडळी हसली, आम्हीही हसलो.

शनिवारच्या तयारीचे वर्णन लांबवीत नाही. काळे दाणे शिजले, लिंबू व मिरची लावलेली कोंबडी जावईबापूंनी विस्तवावर भाजली, आव्होकाडोचा लगदा झाला, कागदी आवरणातले हिरवे आंबट तोमातियो भाजून त्यांची जहाल चटणी वाटली गेली. कांदा चिरणे आमच्याकडे आले. आता कच्चा कांदा आम्हांस लहानपणापासून सोसत नाही. त्याच्या वासानेच आमचे डोके दुखू लागते, म्हणून आमच्या घरी तो कधी पानात येत नाही. तरीही यजमान म्हणून डोळे पुशीत आम्ही तो चिरला. टमाटा, कोथिंबीर, हिरवी मिरची व लिंबू घालून त्याची जी कोशिंबीर करतात, तिला तिकडे 'कोंबड्याची चोच' अशा अर्थाचे नाव आहे. त्या एका वाडग्यात दोन जगे एकत्र झालेली होती. टमाटा व मिरची मेक्सिकोची. कांदा, कोथिंबीर, लिंबू ही १५२१ मध्ये ते राज्य बुडविल्यानंतर स्पॅनिश लोकांबरोबर आलेली. आणि आमच्या देशी मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरली. ज्या ठेच्याचा आपण अभिमान बाळगतो, त्याचा जीव तिकडचा.

जेवणाची वेळ झाली. टेबलावर अकरा वाडगी मांडली, पोळ्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवल्या, आणि आम्ही "घ्या" म्हणालो. कोणीच घेईना. व्याही रिकामी ताटली पुढे घेऊन, आता कोणी तरी वाढील, अशा समजुतीने स्वस्थ बसले. विहीणबाई म्हणाल्या, "आधी पुरुषमंडळींचं होऊ द्या, मग आपण बसू." सौभाग्यवतीचा हात सवयीने डावाकडे गेला, मुलीने तो अलगद धरून खाली ठेवला. विहिणीस हाताने वाढून घ्यावयास सांगणे म्हणजे आमच्याकडे जवळजवळ भांडण काढणे होय, आणि क्षणभर तसेच काही होणार असे वाटले. तेवढ्यात आमच्या पाच वर्षांच्या नातवाने हात घालून पोळी उचलली, तीत चीज व मक्याचे दाणे एवढेच भरले आणि म्हणाला, "आजोबा, असं करायचं." दोन्ही आजोबांनी तसे केले.

मऊ पोळी व्याह्यांस झेपणार नाही, अशा काळजीने आम्ही दुकानातून तळलेल्या, पन्हाळीसारख्या कडक पोळ्यांचा डबाही आणला होता. हा प्रकार अमेरिकेत वाढला. तसा आकार तळण्याच्या साच्याचे पेटंट १९५० साली न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहवाल्याने घेतले. पेटंट कसलेही असो, पहिल्याच घासाला ती वस्तू मध्यावर दुभंगली आणि सर्व ऐवज व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. "अहो प्रोफेसर, हे खायचे का अंगाला लावायचे?" असे त्यांनी विचारताच विहीणबाईंना हसू आवरेना, आणि पंगतीचा ताठा तेथेच संपला. त्यांनी स्वतः होऊन दुसरी पोळी घेतली, तिसरी घेतली. त्या नेहमी अर्धपोटी उठत असाव्यात, अशी आम्हांस त्या वेळी शंका आली.

यजमानास खाण्यापेक्षा पाहण्यास अधिक अवसर असतो. सौभाग्यवतीने कोंबडी घेतली नाही, चीज घेतले नाही. आव्होकाडोकडे तर तिने पाहिलेही नाही. तिने पोळीवर दाणे घातले, त्यांवर हिरवी चटणी दोन डाव पसरली, त्यावर चिरलेल्या कच्च्या कांद्याचा ढीग रचला, आणि वरून एक अख्खी मिरची ठेवली. डोळ्यांतून पाणी येत होते. ती थांबली नाही. तसे तिने चार टाको खाल्ले. ती आमच्याबरोबर एका वेळी जेवावयास बसली, असे प्रसंग आम्हांस बोटांवर मोजता येतील. ती काय उचलते हे पाहण्याचा हा पहिलाच.

रात्री मंडळी बाहेर ओसरीवर बसली असता आम्ही भांडी पुशीत होतो. आम्ही विचारले, "तुला तिखट आवडते?"

"आवडायचे," ती म्हणाली.

व्याकरणात यास रीतिभूतकाळ म्हणतात. तिचे माहेर जळगावकडचे. आमचे घर पुण्याचे. आमच्या आमटीत गूळ पडतो, आणि तो तिच्या हातूनच ३३ वर्षे पडत आला आहे. ती वाडगी विसळीत पुढे म्हणाली, "सासूबाईंना पित्ताचा त्रास. तुम्हांला कांदा चालत नाही. ही लहान होती तेव्हा हिला तिखट लागायचे. एकटीपुरते वेगळे काय करत बसायचे?" यात तक्रारीचा सूर नव्हता, वाण्याचा हिशेब सांगावा तसे तिने सांगितले. आम्हांस मात्र हातातील वाडगे कोठे ठेवावे हे काही वेळ सुचले नाही.

"आणखी काय आवडायचे?"

तिने आधी आमच्याकडे पाहिले, मग सांगू लागली. कळण्याची भाकरी. कांद्याची पात घातलेले वांग्याचे भरीत. शेवेची भाजी, पण घरच्या शेवेची. थंडीतले शेंगोळे. भांडी संपली तरी यादी संपली नव्हती. शेंगोळे म्हणजे नक्की काय, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे लागले.